सोसायटीचं मैदान पार्किंगला द्यायचं का? आणि पावसाळ्याआधी आपत्कालीन पथक कसं उभं करायचं?

धायरीचा_सचिव विचारतात:

नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्यावर धायरीच्या बाजूला आमची सोसायटी आहे. सहा इमारती, मधोमध साधारण वीस गुंठ्यांची मोकळी जागा आणि तिच्या एका अंगाने ओढा, जो पुढे मुठेला मिळतो. यंदापासून सचिवपद माझ्याकडे आलंय.

मैदानात एक जुना पिंपळ आहे, कडेने करंज आणि कडुनिंब, आणि बिल्डरने लावलेले गुलमोहर. सकाळी ज्येष्ठांचा हास्यक्लब, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. मधल्या वेळात जागा रिकामी दिसते, आणि ते रिकामेपण आता लोकांच्या डोळ्यांत भरायला लागलंय. घरटी दोन गाड्या झाल्यात. येत्या सर्वसाधारण सभेसमोर दोन ठराव आहेत. पहिला, निम्म्या मैदानावर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं. दुसरा, ओढ्याच्या बाजूने सहा फुटी विटांची पक्की कंपाउंड वॉल बांधायची, म्हणजे पाणी आत येणार नाही. दोन्हींना सूचक-अनुमोदक मिळालेत.

२५ जुलै २०२४ ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्याच एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हापासून आमच्याकडे आपत्कालीन पथक करायचं म्हणून चर्चा चालू आहे. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला, पण त्यावर सुप्रभात सोडून काही येत नाही. कमिटीने आता 'उद्यान समिती' आणि 'सुरक्षा समिती' अशा दोन वेगळ्या समित्या नेमल्यात.

मला मनापासून वाटतं की मैदान वाचावं. पण सभेत नुसतं 'झाडं वाचवा' म्हणून भागणार नाही, गाडी लावायला जागा नसलेल्या माणसाचीही अडचण खरी आहे. कायदा काय म्हणतो, भिंत बांधावी का, आणि पथक प्रत्यक्षात उभं कसं करायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं.

---

सहकारनगरची_काकू लिहितात:

सचिवसाहेब, तुमचे तिन्ही प्रश्न माझ्या लेखी एकच आहेत, म्हणून पहिली विनंती ही की त्या दोन समित्या एक करा. उद्यानवाले झाडांची रोपं मागवणार आणि सुरक्षावाले सीसीटीव्हीची कोटेशनं मागवणार, आणि मैदान दोघांच्या मधे पडून जाणार. पुराच्या वेळी पाणी जिरायची जागा तीच, भूकंप झाला किंवा आग लागली तर माणसांनी जमायची जागा तीच, बंब उभा करायची जागा तीच. तिची काळजी एकाच गटाने घ्यायला हवी.

आता भिंतीबद्दल, कारण तिथे जिवाची गाठ आहे. आमची वसाहत आंबील ओढ्याच्या काठी. कात्रजच्या डोंगरात उगम पावून, तलावातून निघून, सहकारनगर, पर्वती, दांडेकर पूल असा तो मुठेला जातो. वर्षाचे दहा महिने लोक त्याला गटारच समजतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री वर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि रात्रीच्या जेवणानंतर टीव्ही बघत बसलेल्या लोकांच्या दारात पाणी आलं. शहर आणि जिल्हा मिळून वीसपेक्षा जास्त माणसं गेली. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत जी माणसं गेली ती भिंत अंगावर कोसळून गेली. त्याच वर्षी जूनच्या शेवटी कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडून पंधराजणांचा जीव गेला, तो ओढाही नव्हता, नुसतं पावसाने भिजलेल्या मातीचं वजन होतं.

माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याने मला कागदावर मांडून दाखवलं. भिंतीला दीड मीटर पाणी टेकलं की दर मीटर लांबीवर साधारण अकराशे किलोचा आडवा रेटा येतो, आणि पाण्याची उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. नऊ इंची विटांची कंपाउंड वॉल वरचं वजन पेलायला ठीक असते, आडवा रेटा घ्यायला ती बांधलेलीच नसते. ती आधी पाणी अडवते, लोकांना वाटतं वाचलो, आणि मग एकदम जाते. हळूहळू चढलेल्या पाण्यातून माणूस जिना चढून वर जाऊ शकतो. भिंत फुटून आलेल्या लोंढ्यात तेवढी उसंत मिळत नाही. शिवाय तुमची भिंत टिकली असं धरलं, तरी ते पाणी कुठे जाईल? समोरच्या काठावर. तिथे कोण राहतं ते बघा. आमच्या समोर पत्र्याची घरं आहेत आणि तिथल्या बायका आमच्या घरी स्वयंपाकाला येतात. आपल्या घरात येणारं पाणी त्यांच्या घरात ढकलायचा ठराव मला तरी हात वर करून मंजूर करता येणार नाही.

आम्ही पडलेली भिंत पुन्हा बांधली नाही. खांब रोवून उभ्या गजांचं रेलिंग केलं. बारीक जाळी घेऊ नका, प्लास्टिकच्या पिशव्या आणि फांद्या अडकून तासाभरात तिचीही भिंत होते. दोन गजांमध्ये पाण्याची बाटली आडवी निघून जाईल एवढी फट ठेवा. काठ धरून ठेवायला करंज आणि उंबर लावा, तुमच्याकडे करंज आहेतच. ओढ्याच्या काठचा एकही करंज 'भिंतीच्या आड येतो' म्हणून जाऊ देऊ नका.

मैदानाचा हिशोब सभेत आकड्यांत मांडा, लोक आकडे ऐकतात. वीस गुंठे म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. एका रात्रीत १०० मिलिमीटर पडला तर फक्त तुमच्या मैदानावर दोन लाख लिटर पाणी येतं, दहा हजार लिटरचे वीस टँकर. मातीचं मैदान कडेच्या रस्त्यापेक्षा वीतभर खोल ठेवलं तर ते सगळं तिथेच थांबतं आणि सावकाश मुरतं, वर जवळच्या गच्च्यांचं थोडं पाणीही घेतं. पेव्हर ब्लॉक टाकून उतार काढला की तेच वीस टँकर तुम्ही स्वतःच्या हाताने तळमजल्याच्या आणि मीटर रूमच्या दिशेने सोडलेत. आमच्या मैदानाची वीतभर खोली करायला जेसीबीचा खर्च पेव्हर ब्लॉकच्या कोटेशनच्या पुढे काहीच नव्हता. निघालेला मुरूम आतल्या रस्त्याचे खड्डे भरायला गेला. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस पोरांना खेळता येत नाही एवढीच त्याची किंमत.

कायदा. सर्वात आधी तुमच्या लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत काढा, बांधकाम विभागाकडून, नाही मिळाली तर माहितीच्या अधिकारात. त्यावर ती जागा मोकळी जागा म्हणून हिरव्या रंगात दाखवलेली असेल. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवरच्या विकासाला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि ती रहिवाशांच्या खेळा-विसाव्यासाठी असते. सोसायटीच्या सभेला पुष्कळ अधिकार आहेत, पण मंजूर नकाशात दाखवलेला वापर हात वर करून बदलता येत नाही. कुणी विचारलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलायचा हक्क काय, तर बंगळूरचं प्रकरण सांगा. तिथे उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला द्यायला निघाले होते, आसपासचे रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने उद्यानाच्या बाजूने निकाल दिला. रहिवाशांना हरकत घ्यायचा हक्क आहे हेही त्यात स्पष्ट झालं. नकाशाची ती प्रत मोठी करून नोटीस बोर्डावर लावा. आमच्याकडे ती लावल्यावर निम्मे वाद आपोआप मिटले, कारण जुन्या सभासदांनाही ती जागा कागदावर काय आहे हे माहीत नव्हतं.

गाडीवाल्यांची अडचण मात्र टाळू नका. एका रविवारी सगळ्या गाड्यांना स्टिकर लावा. आमच्याकडे मोजणीत भाडेकरू सोडून गेलेल्यांच्या, धूळ खात पडलेल्या आणि बाहेरच्यांनी आणून लावलेल्या गाड्या निघाल्या. त्या हलवल्यावर आतल्या रस्त्याला एकाच बाजूने पार्किंग बसलं. दुसऱ्या गाडीला वेगळं शुल्क लावा आणि ते पैसे मैदानाच्या आणि पथकाच्या खात्यात टाका.

झाडांचं. पिंपळाला सिमेंटचा गोल पार बांधला असेल तर बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून काढा. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्यापासून एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते माप आपल्यालाही चालतं. मुळांना हवा-पाणी मिळालं नाही की झाड वरून हिरवं दिसतं आणि वादळात मुळासकट येतं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, त्यामुळे त्याच्या फांद्यांची छाटणी एप्रिलमध्येच करून घ्या, पण परवानगी काढून. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि छाटणीसाठीही उद्यान विभागाला अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्यावरची झाडं वारसा वृक्ष ठरतात. तुमचा पिंपळ त्यात बसत असेल, त्याच्या वयाचा काही पुरावा, जुना फोटो असेल तर आत्ताच फायलीला लावून ठेवा.

आणि पथक. याला नव्या लोकांची गरज नाही. तुमच्या गल्लीत गणपती मंडळ आहे ना? पुण्यातल्या कुठल्याही मंडळाकडे दोर, जनरेटर, हातमाईक, हॅलोजन, शिड्या आणि रात्री दोन वाजता हाक मारली तर येणारी पंचवीस पोरं असतात. २०१९ च्या रात्री आमच्या इथल्या म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन वर कुणी नेलं असेल तर मंडळाच्या पोरांनी. त्यांचं सामान वर्षभर कुलपात असतं, ते पावसाळ्यात तळमजल्याच्या गोडाऊनमधून पहिल्या मजल्यावर आणायचं आणि किल्ली तिघांकडे ठेवायची, एवढ्याने निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं कागदावर करा, फोनवर नाही, कारण वीज गेली की काही तासांत टॉवरही जाऊ शकतो. प्रत्येक इमारतीचा एक कागद: कुठल्या घरात एकटे ज्येष्ठ आहेत, कोण अंथरुणावर आहे, कुणाकडे ऑक्सिजनचं मशीन आहे, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, कुणाचं डायलिसिस कुठल्या वारी असतं. प्रत्येक नावासमोर त्याच जिन्यातल्या दोन शेजाऱ्यांची नावं. तो कागद सगळ्यांना वाटायचा नाही, ती लोकांची खासगी गोष्ट आहे, जिनाप्रमुखाकडेच राहू द्या. आणि वॉचमनच्या कुटुंबाचं नाव सगळ्यात वर लिहा. बहुतेक सोसायट्यांत त्यांची खोली गेटाजवळ, सर्वात सखल कोपऱ्यात असते, आणि ते कुठल्याच इमारतीत मोडत नाहीत म्हणून कुठल्याच यादीत येत नाहीत. त्यांनी कुठल्या घरी वर जायचं हे आधीच ठरलेलं असू द्या, आणि त्या घरातल्यांनी ते त्यांना स्वतः जाऊन सांगितलेलं असू द्या.

---

पंचगंगातीर लिहितात:

काकूंनी सगळं सांगितलंयच. कोल्हापुरातनं दोन गोष्टी जोडतो.

पहिली, तुमचा ओढा मुठेला मिळतो म्हणालात. नदी तुडुंब झाली की ओढ्याचं पाणी पुढं सरकंना होतंय, उलट नदीचं पाणी ओढ्यातनं मागं येतंय. आम्ही याला फुगवटा म्हणतो. आमच्या जयंती नाल्याचं हेच होतं, नदीपासनं लांब असलेल्या गल्लीतसुद्धा पाणी नाल्याच्या वाटेनं येतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी खडकवासला धरणातनं विसर्ग वाढला की तुमच्या मैदानात पाणी येऊ शकतं. २०२४ च्या जुलैत विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या घरात गेला होता, तेव्हा तुमच्या ओढ्यात पाणी कुठवर आलं होतं हे जुन्या माणसांना विचारून ओढ्यावरच्या मोरीच्या, म्हणजे लहान पुलाच्या, खांबावर रंगानं खूण करा.

दुसरी गोष्ट त्या खुणेचीच. आमच्याकडं पाऊस लागला की शाळकरी पोरगंसुद्धा विचारतंय, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. पण ३९ झालं म्हणजे सुतारवाड्यातली माणसं हलवायची, यावर कुणी वाद घालत नाही, कारण ते पाणी यायच्या आधी ठरलेलं असतं. पाणी दारात आल्यावर सभा घेता येत नाही.

तुमच्या ओढ्याला बंधारा नाही, फूट मोजणारं सरकारी माणूस नाही. मग तुम्हीच मोरीच्या खांबावर तीन पट्टे मारा. पिवळ्या पट्ट्याला पाणी लागलं की तळमजल्याच्या गाड्या आणि पंपाची मोटर वर. केशरीला लागलं की म्हातारी माणसं आणि वॉचमनचं घर वर. लाल पट्ट्याला लागलं की मेन स्विच बंद आणि कुणीही खाली उतरायचं नाही. रात्री पट्टा दिसायला तिथं एक दिवा पाहिजे, आणि तो बघायला माणूस. पावसाच्या रात्री दोघांची पाळी लावा. एकटा माणूस डुलकी घेतो आणि एकटा माणूस पाण्याजवळ जाऊही नये.

आणि पूर ओसरल्यावरचं बघून ठेवा. आमचं निम्मं आजारपण पाण्यात नव्हतं, नंतरच्या गाळात होतं. जमिनीखालची टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकल्याशिवाय एक थेंब वापरू नका. गाळ काढताना गमबूट घाला, उंदराच्या मुतानं लेप्टो होतो, पायाला जखम असेल तर अजिबात उतरू नका.

---

निवृत्त_अग्निशामक लिहितात:

मी नोकरीची सगळी वर्षं बंबावर काढली, आता घरी असतो. काकूंशी एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. सगळंच मैदान मऊ ठेवून चालणार नाही. पावसाळ्यात भिजलेल्या मातीत भरलेला बंब रुततो, आणि रुतलेला बंब कुणाच्या कामाचा नाही. सहा इमारती आहेत म्हणालात. प्रत्येक इमारतीच्या निदान एका बाजूपर्यंत पोचणारी, बंब वळू शकेल अशी टणक पट्टी पाहिजे. तेवढी पट्टी मुरूम-खडी दाबून करा, वरून सिमेंट नको, म्हणजे पाणीही मुरेल. आणि त्या पट्टीवर एकही गाडी नको. हे तुमच्या पार्किंगवाल्या सभासदांना सांगा: आज मैदानावर शंभर गाड्या लावल्या तर आगीच्या दिवशी बंब गेटावर थांबेल आणि आम्ही गाड्यांचे मालक शोधत फिरू. अशा रात्री मी पाहिल्या आहेत. गाडीची चावी घेऊन मालक गावाला गेलेला असतो.

गेटावरची कमान बघा. लग्नासाठी, गणपतीसाठी, नव्या वर्षासाठी लोक कमानी उभ्या करतात आणि मग काढत नाहीत. बंबावर शिडी असते, उंची धरून कमान ठेवा. आणि पिंपळाच्या, कडुनिंबाच्या ज्या फांद्या त्या पट्टीवर खाली आल्या असतील त्यांची परवानगीने छाटणी करा. झाड तोडायची गरज नसते, खालची फांदी वर घेतली की पुरते.

राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा ब नमुना वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून द्यावा लागतो. सचिव म्हणून तो तुमच्या सहीचा विषय आहे. फाईल उघडून शेवटचा कधीचा आहे ते बघा. कागद आला म्हणजे काम झालं असं धरू नका, एजन्सीचा माणूस आला की समोर उभं राहून हायड्रंटमधून पाणी सोडायला लावा. ते पाणी मैदानातल्या झाडांना सोडा, दोन्ही कामं होतात.

पाणी शिरण्याच्या वेळी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरतं आणि खाली आलेली लिफ्ट आतल्या माणसासकट अडकते. तळघर असेल तर एकच नियम, पाणी यायला लागलं की कुणी गाडी काढायला खाली जायचं नाही. जुलै २०२४ मध्ये दिल्लीत राजेंद्रनगरला तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी घुसून तीन विद्यार्थी गेले. आणि आपल्याच पुण्यात त्याच आठवड्यात पुलाच्या वाडीत, हातगाडी हलवायला गेलेल्या तीन तरुणांना विजेचा धक्का बसला आणि ते गेले. पाण्यात वीज दिसत नाही. मीटर रूम तळमजल्यावर जमिनीलगत असेल तर ती उंच करण्याचा खर्च पेव्हर ब्लॉकच्या आधी सभेसमोर ठेवा.

नंबर: ११२ सगळ्यासाठी, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष. हे प्रत्येक जिन्यात रंगवून घ्या, चिकटवलेला कागद टिकत नाही. फोन करताना सोसायटीचं नाव सांगून थांबू नका, जवळची खूण आणि कुठल्या गेटाने आत यायचं ते सांगा.

---

निशीकासाईची_मराठी लिहितात:

मी तोक्योत राहते, एदोगावा वॉर्डात. इथला बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे. आमच्या वॉर्डाने २०१९ मध्ये घरोघरी पुराचा नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर आमच्या भागाबद्दल लिहिलं होतं, 'इथे थांबू नका'. घाबरवायला नव्हे, वेळेवर निघा म्हणून. ते वाचून मला आधी धक्का बसला होता, आता वाटतं की इतक्या स्पष्ट शब्दांत सांगणं ही लोकांची काळजीच आहे.

काकू म्हणतात ते, मैदान आणि आपत्ती एकाच समितीकडे, इथे रोज दिसतं. गल्लीची रहिवासी मंडळी, ज्यांना इथे चोनाइकाई म्हणतात, तीच बाग झाडते आणि तीच कवायत घेते. बागेतल्या काही बाकांची फळी उचलली की खाली चूल निघते, शंभर माणसांचा भात शिजेल अशी. काही ठिकाणी जमिनीत झाकणं असतात, त्यावर तंबू आणि आसन ठेवलं की मैलावाहिनीवर थेट शौचालय तयार होतं. कवायतीच्या दिवशी आजीआजोबा ती चूल पेटवून सूप करतात आणि मुलं बादल्यांची साखळी करतात. १७ जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं, आणि आगी पसरल्या तेव्हा झाडं असलेल्या बागांपाशी त्या अडल्या होत्या. म्हणून इथे बागेला कुणी रिकामी जागा म्हणत नाही.

सचिवदादा, तुमच्या मैदानात चुलीचा बाक नको, पण एक हातपंप किंवा बोअरवेलला हाताने चालणारी सोय, आणि वीज नसताना वापरता येतील अशी दोन शौचालयं, याचा विचार करा. बायका आणि म्हाताऱ्या माणसांना पुराच्या रात्री पाण्यापेक्षा आधी त्याची अडचण होते, आणि कुणी ते बोलून दाखवत नाही.

---

धायरीचा_सचिव लिहितात:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रमाणित नकाशासाठी अर्ज केलाय. मोरीचा खांब काल जाऊन बघून आलो, २०२४ च्या पाण्याची गाळाची रेघ अजून दिसते, ती माझ्या छातीएवढी आहे. तिचा फोटो घेतलाय, सभेत दाखवणार. वॉचमनच्या घरच्यांसाठी आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी स्वतःहून दार उघडं ठेवायचं कबूल केलंय.

बंबाची पट्टी आणि मऊ मैदान दोन्ही धरून भाच्याकडून एक साधा आराखडा काढून मिळेल का, काकू? आणि दोन्ही ठराव नुसते पाडले तर पुढच्या वर्षी पुन्हा येतील असं वाटतं. त्याऐवजी दुसरा ठराव मांडायचा झाला तर शब्द कसे असावेत?

---

सहकारनगरची_काकू लिहितात:

भाचा शनिवारी येतो, मोजपट्टी घेऊन तुमच्याकडे पाठवते. बंबाच्या पट्टीबद्दल अग्निशामक दादांचं म्हणणं बरोबर आहे, आमच्याकडे ती वाट आधीपासून होती म्हणून मी लिहिलं नाही.

पाडायचा ठराव मांडू नकाच, करायचा मांडा. आमच्या इतिवृत्तातला तुमच्या जागेला लावून देते, बदल करून घ्या:

'मंजूर नकाशातील मोकळी जागा ही सभासदांच्या खेळासाठी, पाणी मुरण्यासाठी आणि आपत्तीच्या वेळी एकत्र येण्यासाठी कायम मोकळी ठेवण्यात यावी. तीमध्ये अग्निशमन वाहनासाठी खडी-मुरमाची वाट राखावी व तिच्यावर कोणतेही वाहन उभे करू नये. ओढ्याच्या बाजूस उभ्या गजांचे रेलिंग करावे. या जागेची व झाडांची देखभाल आणि पावसाळी पथक एकाच समितीकडे राहील, व तीमध्ये प्रत्येक जिन्यातील एक सभासद, गणपती मंडळाचे दोन कार्यकर्ते आणि पहारेकरी यांचा समावेश असेल. दुसऱ्या वाहनाचे शुल्क या समितीच्या खात्यात जमा करावे.'

पहारेकऱ्याचं नाव कुणी काढायला सांगितलं तर काढू देऊ नका. रात्री ओढ्याचा आवाज बदलला की सगळ्यात आधी त्यालाच कळतं.